विहीर एक, मोटा दोन

तीन संगणक शेजारी ठेवले आहेत असे समजू. तिन्हींचा प्रोसेसर एकच, मदरबोर्ड एकच आणि रॅमही १६ जीबीच. पहिल्यात १६ जीबीची एकच पट्टी बसवली आहे. दुसऱ्यात ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, पण त्या प्रोसेसरच्या बाजूने मोजल्यास पहिल्या आणि दुसऱ्या, म्हणजे लगतच्या स्लॉटांत. तिसऱ्यात त्याच दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात खोचल्या आहेत. रॅम डीडीआर४-३२०० जातीची धरली, तर पहिल्या दोन संगणकांत रॅम आणि प्रोसेसर यांच्यात सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहितीची ने-आण होऊ शकते; तिसऱ्यात ५१.२ जीबी. दुसऱ्या आणि तिसऱ्या संगणकाच्या किमतीत एका रुपयाचाही फरक नाही. एक पट्टी दोन बोटे अलीकडे बसली की पलीकडे, एवढ्यावरून रॅमची वाट अर्धी झाली. दुकानातल्या पावतीवर मात्र तिघांपुढे ‘१६ जीबी रॅम’ हेच शब्द येतात. रॅम विकत घेताना आपण आकारमान विचारतो आणि मांडणी विचारत नाही, म्हणून हा तोटा कुणाच्या लक्षातही येत नाही. माझे म्हणणे असे, की मांडणी हा संगणकाच्या कसाचाच एक भाग आहे. तिचे नियम थोडे आहेत, त्यांमागची कारणे साधी आहेत, आणि ती कारणे समजली तर नियम पाठ करण्याची गरजही उरत नाही.

मुळात रॅमच्या वाटेला एवढे महत्त्व का, ते आधी पाहू. आज आपण वापरतो ती डीरॅम जातीची स्मृती. तिची कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ सालचे. १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली, तिच्यात जेमतेम १,०२४ बिट मावत. तत्त्व आजही तेच आहे: एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही यावर १ की ० हे ठरते. हा भार सतत झिरपून जातो, म्हणून डीडीआर४ रॅममध्ये प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावी लागते. ही रचना स्वस्त आणि दाट आहे, पण चपळ नाही. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर पाव नॅनोसेकंदात एक ठोका पुरा करतो. रॅममधून एखादा आकडा मागवला तर तो हाती यायला ८० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागू शकतो. म्हणजे प्रोसेसरचे तीनशेवर ठोके नुसती वाट पाहण्यात जातात. १९९५ साली विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी या संशोधकांनी एका छोट्या निबंधात या दरीला ‘मेमरी वॉल’, म्हणजे स्मृतीची भिंत, असे नाव दिले. प्रोसेसरचा वेग आणि रॅमचा वेग दोन्ही वाढत आहेत, पण वाढीचा दर सारखा नाही, त्यामुळे एक दिवस संगणकाचा वेग प्रोसेसर ठरवणार नाही, रॅम ठरवेल, असा तो इशारा होता. ही भिंत पूर्णपणे पाडता आलेली नाही. तिच्यात दारे पाडता येतात, आणि पट्ट्यांची मांडणी म्हणजे अशी किती दारे उघडी ठेवायची याचा निर्णय.

या दारांना संगणकाच्या भाषेत चॅनेल म्हणतात. साताऱ्याजवळ लिंब गावात अठराव्या शतकातली एक विहीर आहे. तिची ओळख तिच्यात पाणी किती मावते यावरून पडलेली नाही. एका वेळी तिच्यावर किती मोटा चालत यावरून पडली आहे. लोक तिला बारामोटेची विहीर म्हणतात. विहीर कितीही खोल असो, मोट एकच असेल तर थारोळ्यात पडणारे पाणी एका मोटेचेच. रॅमचे जीबी म्हणजे विहिरीतले पाणी आणि चॅनेल म्हणजे मोटा. डीडीआर४ च्या एका चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. डीडीआर४-३२०० मधला ३२०० हा आकडा सेकंदाला ३२० कोटी खेपा होतात असे सांगतो. ३२० कोटी खेपा गुणिले ८ बाइट म्हणजे २५.६ जीबी. दुसरा चॅनेल जागा झाला की तेवढेच पाणी दुसऱ्या बाजूनेही येऊ लागते. मात्र दोन मोटा जुंपल्या म्हणून एक मोट वर यायला लागणारा वेळ कमी होत नाही. रॅमकडे गेलेली एकटीदुकटी मागणी दोन चॅनेलांतही तेवढ्याच उशिराने पुरी होते. फरक पडतो तो मागण्यांची रांग लागते तेव्हा. प्रोसेसर रॅममधून ६४ बाइटांचे घास मागतो. दोन्ही चॅनेल जागे असतील तर हे घास दोन्हींकडे वाटून ठेवलेले असतात, त्यामुळे एक मागणी इकडे आणि तिच्या मागची तिकडे, अशा दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होतात. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात.

मग मदरबोर्डवर चार स्लॉट दिसतात तिथे चार चॅनेल का नाहीत? कारण चॅनेल किती हे मदरबोर्ड ठरवत नाही, प्रोसेसर ठरवतो. पूर्वी रॅमचे नियंत्रण मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपकडे असे. घरगुती संगणकात डीडीआर रॅमचे दोन चॅनेल आले ते त्याच काळात: २००१ साली एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटने ते आणले आणि २००३ मध्ये इंटेलचा ८७५पी चिपसेट आला. त्याच २००३ साली एएमडीने अॅथलॉन ६४ मध्ये हे नियंत्रण थेट प्रोसेसरच्या पोटात नेले. इंटेलने २००८ च्या कोअर आय७ पासून तोच मार्ग धरला. तेव्हापासून रॅमच्या तारा सरळ प्रोसेसरच्या पिनांना जोडलेल्या असतात आणि घरगुती प्रोसेसरना सर्वसाधारणपणे दोनच चॅनेल असतात. चार स्लॉट म्हणजे प्रत्येक चॅनेलवर दोन बैठका, एवढाच अर्थ. बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने ए१, ए२, बी१, बी२ असा क्रम असतो. ए चे दोन्ही स्लॉट एका चॅनेलचे, बी चे दोन्ही दुसऱ्याचे. ए१ आणि ए२ मध्ये दोन पट्ट्या लावल्या तर एकाच मोटेला दोन बैलजोड्या जुंपल्यासारखे होते; दुसऱ्या मोटेचा नाडा तसाच लोंबकळत राहतो. ज्यांना मोठी गणिते करायची असतात ते यंत्र निवडताना चॅनेल मोजूनच निवडतात. एएमडीच्या सर्व्हरसाठीच्या एपिक प्रोसेसरना २०१७ साली आठ चॅनेल होते, २०२२ च्या पिढीत ते बारा झाले. लिंबच्या विहिरीवरच्या मोटांइतकेच. आपल्याला घरी दोनच मिळतात, म्हणून त्यांतला एक रिकामा ठेवणे जास्त महाग पडते.

दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनेलवर हव्यात एवढेच असते, तर ए१ आणि बी१ ही जोडीही चालायला हवी. ती चालतेही. तरी मदरबोर्डच्या पुस्तिका बहुधा ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायला सांगतात. याचे कारण तारेतून धावणाऱ्या संकेताच्या वागण्यात आहे. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. डीडीआर५-६००० रॅममध्ये एका बिटाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा हिस्सा येतो, म्हणजे एक बिट तारेवर जेमतेम अडीच सेंटिमीटर जागा व्यापतो. अशा वेळी तारेचा दोन-तीन सेंटिमीटरचा फाटाही किरकोळ राहत नाही. बहुतेक मदरबोर्डांवर चॅनेलची तार प्रोसेसरकडून आधी जवळच्या स्लॉटात जाते आणि तिथून पुढे दूरच्या. पट्टी जवळच्या स्लॉटात लावली आणि दूरचा रिकामा ठेवला, तर संकेताचा काही भाग पुढे रिकाम्या टोकापर्यंत जातो आणि पाटाच्या बंद तोंडावर आपटलेली लाट मागे फिरावी तसा परत येतो. हा परतीचा संकेत मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो आणि त्यांचे रूप बिघडवतो. तीच पट्टी दूरच्या, शेवटच्या स्लॉटात असेल तर तार तिथेच संपते, आणि आलेला संकेत शोषून घेण्याची सोय रॅमच्या चिपमध्येच केलेली असते. कमी वेगाच्या रॅममध्ये हा दोष खपून जातो. वेग वाढवत नेला की आधी तोच आडवा येतो. दोन्ही स्लॉटांना सारख्या लांबीच्या फांद्या देणारे मदरबोर्डही निघाले आहेत आणि जुन्या काही बोर्डांवर क्रम वेगळा असतो, त्यामुळे अखेरचा शब्द आपल्या बोर्डच्या पुस्तिकेचा. पण पुस्तिका हाताशी नसेल तर दुसरा आणि चौथा हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर ठरते.

इथे जाणकार वाचक पहिला आक्षेप घेईल. कागदावर वेग दुप्पट होत असेल, पण पत्र टंकताना, बातम्या वाचताना किंवा हिशेबाचे तक्ते भरताना काही दुप्पट वेगाने होत नाही. मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची छोटी आणि अतिशय चपळ स्मृती असते, आणि वारंवार लागणारी माहिती तिथेच सापडते. काम कॅशमध्ये मावत असेल तर रॅमच्या वाटेवर गर्दीच होत नाही, आणि गर्दी नसलेल्या वाटेला दुसरी वाट जोडून काही साधत नाही. म्हणून मांडणी सुधारली की संगणक दुप्पट वेगाने चालतो, असे सांगणारा दिशाभूल करतो. पण खटाटोप या शब्दाला माझी हरकत आहे. यात खर्च शून्य आहे आणि श्रम पाच मिनिटांचे. शिवाय आज ज्या कामांसाठी लोक नवा संगणक घेतात, त्यांतली बरीच कॅशमध्ये न मावणारीच असतात: मोठ्या व्हिडिओचे संपादन, शेकडो छायाचित्रांवर एकदम प्रक्रिया, मोठ्या फायली दाबून लहान करणे, खेळ, आणि घरच्या संगणकावर चालवली जाणारी भाषेची प्रारूपे. प्रोसेसरमध्ये आठ-दहा किंवा त्याहून जास्त कोअर असतात आणि सगळे त्याच एका वाटेवरून माहिती मागतात. कोअर वाढवायचे आणि वाट अर्धी ठेवायची, तर त्या वाढीव कोअरसाठी मोजलेल्या पैशांचा काही भाग वाया जातो.

मांडणीचा फायदा सगळ्यांत ठळक दिसतो तो वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात, आणि आपल्याकडे घर, शाळा, दुकान, कार्यालय इथले कितीतरी संगणक याच प्रकारचे आहेत. ग्राफिक्स कार्डवर त्याची स्वतःची रॅम असते: एनव्हिडियाच्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० कार्डवर तिचा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे. असे कार्ड नसेल तर पडद्यावरचे चित्र प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग काढतो आणि त्यासाठी संगणकाचीच रॅम वापरतो. ज्या कामासाठी कार्ड शेकडो जीबींची वाट घेऊन येते, ते काम इथे २५.६ किंवा ५१.२ जीबींच्या वाटेवर, तेही प्रोसेसरच्या मागण्यांबरोबर वाटून घेत, करायचे असते. या ठिकाणी दुसरा चॅनेल मिळणे आणि न मिळणे यात खेळ सुरळीत चालणे आणि अडखळणे एवढे अंतर पडू शकते. याची साक्ष खुद्द उत्पादकाने दिली आहे. अकराव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये इंटेलने आयरिस एक्सई नावाचे ग्राफिक्स दिले, पण ते नाव लावण्यासाठी १२८ बिट रुंदीची, म्हणजे दोन्ही चॅनेल भरलेली रॅम हवी अशी अट घातली. रॅम एकाच चॅनेलवर असेल तर तीच चिप संगणकात साध्या यूएचडी ग्राफिक्स या नावाने दिसते. उदाहरण लॅपटॉपचे असले तरी तत्त्व डेस्कटॉपलाही लागू आहे. चिप बदलली नाही, रॅमची मांडणी बदलली, आणि उत्पादकाने तिचे नावच उतरवले. मांडणी किरकोळ असती तर असे झाले नसते.

दुसरा आक्षेप डीडीआर५ च्या निमित्ताने येतो. या पिढीचे मानक २०२० साली जाहीर झाले आणि तिच्या प्रत्येक पट्टीत दोन उपचॅनेल असतात. त्यावरून एकच पट्टी घेतली तरी दोन चॅनेल मिळतात, मग जोडी कशाला, असा समज पसरला आहे. हा शब्दांचा घोळ आहे. डीडीआर५ ने जुन्या ६४ बिटांच्या रुंदीचे ३२ बिटांचे दोन भाग केले. रुंदी वाढवली नाही. एका मोटेऐवजी अर्ध्या आकाराच्या दोन मोटा आल्या, पाणी तेवढेच. या विभागणीचे फायदे आहेत, लहान मागण्या एकमेकींना कमी अडवतात, पण एकूण वाट एका पट्टीला ६४ बिटांचीच राहते. डीडीआर५-६००० ची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबी देते आणि दोन पट्ट्या ९६ जीबी देतात. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून पाहिला तर एका डीडीआर५ पट्टीसाठी तो दोन गुणिले ३२ बिट दाखवतो आणि जोडीसाठी चार गुणिले ३२ बिट. मोजायची ती एकूण रुंदी, चॅनेल या शब्दापुढचा आकडा नव्हे.

तिसरा आक्षेप उलट्या टोकाचा आहे. दोन पट्ट्या एकीपेक्षा चांगल्या, तर चार पट्ट्या दोहोंपेक्षा चांगल्या का नाहीत? चारही स्लॉट भरलेला संगणक दिसतोही भारदस्त. पण चॅनेल दोनच असल्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीने नवी वाट उघडत नाही. असलेल्या वाटेवरचा भार मात्र वाढतो. एकाच तारेवर दोन पट्ट्या लोंबकळतात, संकेत जास्त गढूळ होतो आणि प्रोसेसरमधल्या रॅमच्या नियंत्रकाला वेग कमी करावा लागतो. हे उत्पादकांनीच लिहून ठेवले आहे. २०१९ च्या रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने दोन पट्ट्यांना ३२०० चा वेग सांगितला, तर चार पट्ट्यांना त्यांच्या प्रकारानुसार २९३३ किंवा २६६७. डीडीआर५ वापरणाऱ्या २०२२ च्या रायझन ७००० मालिकेत ही दरी आणखी रुंदावली: दोन पट्ट्यांना ५२००, चार पट्ट्यांना ३६००. म्हणजे दोन पट्ट्यांवर सेकंदाला ८३.२ जीबी, चारांवर ५७.६ जीबी. चार पट्ट्यांच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो सांगायला हवा. पट्टीवरच्या चिपांच्या एका पूर्ण गटाला रँक म्हणतात. एका चॅनेलवर दोन रँक असतील तर एक गट ताजातवाना होत असताना किंवा नवी ओळ उघडत असताना दुसरा काम देऊ शकतो, आणि डीडीआर४ च्या काळात चार एकरँकी पट्ट्यांना यामुळे थोडा फायदा दिसत असे. पण तोच फायदा दोन दुरँकी पट्ट्यांनीही मिळतो, तारेवर दुसरी पट्टी न टांगता. म्हणून चार पट्ट्या लावाव्यात त्या जास्त जीबींची खरीच गरज असेल आणि त्या दोन पट्ट्यांत मिळत नसतील तेव्हा. आता ४८ जीबीची एक पट्टीही मिळते, दोनांत ९६ जीबी होतात, त्यामुळे घरगुती वापरात अशी वेळ क्वचितच येईल.

सर्वांत गंभीर आक्षेप चौथा आहे: मांडणीच्या नादात आकारमानाकडे दुर्लक्ष होईल. हा धोका मला मान्य आहे, आणि म्हणून क्रम स्पष्ट सांगतो. आधी पुरेशी रॅम, मग दोन्ही चॅनेल, मग वेग. रॅम कमी पडली की संगणक उरलेली माहिती एसएसडीवर ठेवतो, आणि चांगल्या एसएसडीलाही उत्तर द्यायला रॅमच्या शेकडो पट वेळ लागतो. तिथे चॅनेलांचा हिशेब कामी येत नाही. समजा संगणकात ८ जीबीची एक पट्टी आहे आणि काम २० जीबी मागते. तेव्हा समान जोडीच्या हट्टापायी ८ जीबीची पट्टी आणून १६ वर थांबण्यापेक्षा १६ जीबीची आणून २४ करणे शहाणपणाचे. अशा विषम जोडीतही सगळे हातचे जात नाही. दोन्हींकडचे ८-८ जीबी दोन चॅनेलांत जुंपले जातात आणि उरलेले ८ एका चॅनेलवर चालतात. इंटेलने या सोयीला फ्लेक्स मोड असे नाव दिले आहे. यातून आणखी एक गोष्ट उलगडते: जुळायला हवी ती प्रत्येक चॅनेलवरची बेरीज. ए चॅनेलवर ४ जीबीच्या दोन आणि बी वर ८ जीबीची एक, अशा तीन पट्ट्यांतही तोल साधतो. आज एक पट्टी घेऊन दुसरी पगार झाल्यावर घेण्यातही गैर काही नाही. फक्त दोन धोके ओळखून असावेत. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही मंद पट्टीच्या चालीने चालतात. आणि तेच नाव, तोच क्रमांक असलेल्या, पण वेगळ्या वेळी बनलेल्या पट्ट्यांत आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात. एकाच खोक्यातली जोडी कारखान्यात एकत्र तपासलेली असते, म्हणून ऐपत असेल तेव्हा ती बरी.

मांडणी बरोबर असूनही एक ठिकाण उरते जिथे विकत घेतलेला वेग हातातून निसटतो. प्रत्येक पट्टीवर एक लहानशी चिप असते, तिच्यात त्या पट्टीचे वेग आणि वेळा नोंदलेल्या असतात. खोक्यावर ३२०० किंवा ६००० असा मोठा आकडा असला, तरी तो अनेकदा एक्सएमपी किंवा एक्सपो नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो, आणि बायोसमध्ये जाऊन ती चालू करेपर्यंत मदरबोर्ड पट्टीला मानक, कमी वेगानेच चालवतो. डीडीआर४-३२०० ची अशी एखादी जोडी २१३३ वर चालत राहिली, तर ५१.२ जीबींच्या जागी सुमारे ३४ जीबीच मिळतात. तिसरा हिस्सा गेला. खोक्यावरच्या दुसऱ्या, सीएल या अक्षरांपुढच्या आकड्याकडेही पाहावे. ३२०० वेगाच्या सीएल१६ रॅमला पहिला बिट द्यायला १० नॅनोसेकंद लागतात, सीएल२२ ला १३.७५, आणि ६००० वेगाच्या सीएल३० ला पुन्हा १०. म्हणजे सीएलचा आकडा एकटा वाचून उपयोग नाही, तो वेगाच्या जोडीने वाचायचा. एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करणे म्हणजे प्रोसेसरच्या अधिकृत वेगापलीकडे जाणेही असू शकते. त्यानंतर मेमटेस्ट८६ सारख्या प्रोग्रामने रॅमची एक पूर्ण तपासणी करून घ्यावी. रॅमची चूक गुपचूप फायली बिघडवते, आणि बिघडलेल्या कामाची भरपाई कुठलाही वेग करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. संगणक बंद करून वीज तोडावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. स्लॉटच्या टोकाच्या क्लिपा उघडाव्यात. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते. पट्टीच्या खालच्या कडेला मध्याच्या जरा बाजूला खाच असते, ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी आहे, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नये. खाच जुळली की दोन्ही टोके सारखी दाबावीत, क्लिप कट्‌ आवाज करून बंद होते. डीडीआर५ चा संगणक पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळात नियंत्रक प्रत्येक तारेवरचे संकेत तपासून आपल्या वेळा जुळवत असतो, म्हणून घाबरून बटण दाबू नये. हे सगळे आपोआप होते, तर माणसाने मांडणीकडे का पाहावे, असा प्रश्न कुणी विचारेल. नियंत्रक मिळालेल्या वाटेवर शक्य तितकी सफाई करतो. पण पट्टीच नसलेल्या चॅनेलवर तो पट्टी आणू शकत नाही, ते काम हातांनीच करायचे असते. सुरू झाल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात, पण चॅनेल दिसत नाहीत. त्यासाठी सीपीयू-झेडमध्ये मेमरीचे पान उघडावे.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो केवळ वेगाच्या आकड्यांसाठी नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दुकानात, संगणक जोडून घेणारे बहुतेक लोक दर हजार रुपयांचा विचार करून घेतात. प्रोसेसर एक पायरी वरचा घेता येईल का, एसएसडी थोडी मोठी परवडेल का, यावर घरात चर्चा होते. त्याच संगणकात अर्धी वाट बंद राहिली, तर त्या काटकसरीने मिळवलेले काहीसे नकळत गमावले जाते, आणि यात फसवणूक कुणाची नसते. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, एवढेच. म्हणून ‘रॅम किती?’ या प्रश्नाला जोडून आणखी दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: पट्ट्या किती, आणि कुठल्या स्लॉटांत? उत्तर ऐकून थांबू नये. पैसे देण्यापूर्वी पावतीवर ‘१६ जीबी’ खोडून ‘८ जीबी × २’ असे लिहून घ्यावे, आणि कॅबिनेटची बाजू बंद होण्याआधी आत एक नजर टाकावी: पहिला स्लॉट रिकामा, दुसरा भरलेला, तिसरा रिकामा, चौथा भरलेला.